विश्लेषण : नेटवर्कच बंद पडले तर राउटरपर्यंत पोहोचायचे कसे? ‘टर्मिनल सर्व्हर’च्या पोर्टची सेटिंग इतकी महत्त्वाची का?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले. सेवा पूर्ववत व्हायला सहा तासांहून अधिक वेळ लागला. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे अंतर्गत जाळेच तोडून टाकले होते. पण दुरुस्तीला इतके तास का लागले? कंपनीचे पायाभूत सुविधा विभागाचे उपाध्यक्ष संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी दिलेल्या स्पष्टीकरणात याचे उत्तर होते. अभियंत्यांचा नेहमीचा रस्ता तर बंद झालाच, पण आणीबाणीसाठी ठेवलेला ‘आउट-ऑफ-बँड’ रस्ताही बंद पडला. शेवटी माणसे प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली.

हा आणीबाणीचा रस्ता म्हणजे नेमके काय? अनेक कंपन्यांत त्याच्या टोकाला एक साधी दिसणारी पेटी असते. तिला टर्मिनल सर्व्हर, कम्युनिकेशन सर्व्हर किंवा कन्सोल सर्व्हर म्हणतात. तिच्या एकेका पोर्टची सेटिंग कशी केली आहे, यावर मोठे नेटवर्क किती लवकर सावरेल आणि किती सहज चोरांच्या हाती लागेल, या दोन्ही गोष्टी ठरतात.

टर्मिनल सर्व्हर म्हणजे काय?

राउटर, स्विच, फायरवॉल अशा बहुतेक उपकरणांना एक ‘कन्सोल’ पोर्ट असतो. नेटवर्कची केबल लागते तो हा पोर्ट नव्हे. हा सिरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारा जुना मार्ग. त्याचे ‘आरएस-२३२’ हे मानक १९६० मधले आहे. अभियांत्रिकीच्या लॅबमध्ये निळी चपटी केबल लावून काळ्या पडद्यावर आदेश टाइप केलेल्यांना तो आठवत असेल.

या पोर्टचे वैशिष्ट्य असे की त्याला नेटवर्कची गरज नसते. राउटरचा आयपी पत्ता चुकला, सगळे मार्ग पुसले गेले, ऑपरेटिंग सिस्टीम अर्धवट सुरू झाली, तरी कन्सोलवर काही ना काही दिसते. अडचण एकच, त्यासाठी माणूस त्या उपकरणाशेजारी हवा. पुण्यात बसलेल्या अभियंत्याला गडचिरोलीतल्या टॉवरखालच्या राउटरला केबल लावता येत नाही.

टर्मिनल सर्व्हर ही अडचण सोडवतो. त्याच्या एका बाजूला ८, १६, ३२ किंवा ४८ सिरियल पोर्ट असतात आणि प्रत्येक पोर्टातून एकेका उपकरणाच्या कन्सोलला केबल जाते. दुसऱ्या बाजूला नेटवर्कची जोडणी असते, शक्यतो मुख्य जाळ्यापासून वेगळी. अभियंता दुरून या पेटीत लॉगइन करतो आणि हवा तो पोर्ट निवडतो. मग जणू तो त्या राउटरच्या समोरच बसलेला असतो.

मुळात ही पेटी उलट्या कामासाठी जन्मली. १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ‘डेकसर्व्हर’सारख्या उपकरणांना कर्मचाऱ्यांच्या टेबलावरचे टर्मिनल जोडलेले असत आणि तिथून ते मोठ्या संगणकात शिरत. पुढे टर्मिनल गेले, पेटी राहिली. ज्या पोर्टांतून माणसे बाहेर जात, त्याच पोर्टांतून आता यंत्रांच्या आत शिरले जाते.

पोर्टची सेटिंग म्हणजे नेमके काय ठरवायचे?

सगळ्यात आधी वेग. नेटवर्क उपकरणांच्या कन्सोलवर सेकंदाला ९६०० बिट हा वेग सर्वाधिक आढळतो. एका अक्षराला सुरुवातीचा एक, माहितीचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. मोबाइलवर एक फोटो येतो तेवढ्या डेटाला इथे कित्येक मिनिटे लागतील, पण आदेश टाइप करायला हा वेग भरपूर झाला. काही नवी उपकरणे १,१५,२०० या वेगाने बोलतात. एका बाजूला ९६०० आणि दुसऱ्या बाजूला १,१५,२०० असेल तर पडद्यावर निव्वळ कचरा दिसतो. रात्री तीन वाजता सेवा बंद असताना तो कचरा वाचून अंदाज बांधत बसणे कोणालाच परवडत नाही.

त्यानंतर डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट. बहुतेक ठिकाणी आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी मांडणी असते. मग फ्लो कंट्रोल, म्हणजे ‘जरा थांब’ आणि ‘आता पाठव’ हे सांगण्याची पद्धत. सॉफ्टवेअरची पद्धत निवडली असेल तर कंट्रोल-एस दाबल्यावर पडदा गोठतो आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर पुन्हा चालू होतो. हे ठाऊक नसलेला नवा अभियंता राउटर अडकला असे समजून तो रीस्टार्ट करतो, आणि छोट्या बिघाडाचा मोठा होतो.

आणखी एक संकेत महत्त्वाचा आहे, त्याचे नाव ‘ब्रेक’. सिरियल तारेवर ठरावीक काळ सिग्नल दाबून धरला की समोरच्या यंत्राला विशेष सूचना जाते. सन मायक्रोसिस्टीम्सच्या जुन्या सर्व्हरवर या संकेताने चालती ऑपरेटिंग सिस्टीम तिथल्या तिथे थांबत असे. काही टर्मिनल सर्व्हर बंद-चालू होताना हाच संकेत सगळ्या पोर्टांवर सोडत. एका पेटीची वीज गेली की तिला जोडलेले सगळे सर्व्हर थबकत. सिस्कोच्या अनेक राउटरवर सुरू होताना ‘ब्रेक’ दिला की विसरलेला पासवर्ड बदलण्याचा मार्ग उघडतो. म्हणूनच कन्सोल ज्याच्या हाती, यंत्र त्याच्या हाती, असे या क्षेत्रात मानतात.

‘अ‍ॅक्सेस’च्या सेटिंगमध्ये चूक कुठे होते?

वेग जुळला की पेटी चालते, आणि बऱ्याच ठिकाणी काम तिथेच संपले असे मानले जाते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. या पोर्टात कोणी, कुठून आणि कोणत्या दिशेने शिरायचे?

डेकसर्व्हरवर प्रत्येक पोर्टला चारपैकी एक ‘अ‍ॅक्सेस’ द्यावा लागे. ‘लोकल’ म्हणजे पोर्टाला जोडलेल्या टर्मिनलवरून बाहेर जाता येईल. ‘रिमोट’ म्हणजे नेटवर्कवरून त्या पोर्टाला जोडलेल्या यंत्रात शिरता येईल. ‘डायनॅमिक’ म्हणजे दोन्ही, आणि ‘नन’ म्हणजे काहीच नाही. नावे बदलली तरी आजच्या पेट्यांतही हाच विचार आहे.

दिशा चुकली तर गंमत होते. राउटरचा कन्सोल जोडलेल्या पोर्टवर पेटीने स्वतःचे लॉगइन सुरू ठेवले, तर पेटी तारेवर ‘युजरनेम?’ असे विचारते. राउटरला वाटते कोणीतरी टाइप करत आहे, म्हणून तो आपला मजकूर परत पाठवतो. पेटी तो युजरनेम समजून पासवर्ड विचारते. दोन्ही यंत्रे एकमेकांशी असा निरर्थक संवाद करत राहतात, पोर्ट कायम व्यग्र दिसतो आणि खऱ्या अभियंत्याला ‘जोडणी नाकारली’ असे उत्तर मिळते. सिस्कोच्या पेट्यांवर अशा पोर्टांसाठी ‘नो एक्झेक’ हा दोन शब्दांचा आदेश देतात तो यासाठीच.

पत्त्याची पद्धतही समजून घ्यायला हवी. सिस्कोच्या पेटीवर पाचव्या लाइनला जोडलेल्या यंत्रात शिरण्यासाठी पेटीच्या आयपी पत्त्यापुढे २००५ हा टीसीपी क्रमांक लावतात, सहाव्यासाठी २००६. सोयीची पद्धत आहे, पण ती हल्लेखोरांनाही माहीत आहे. जोडणी टेलनेटने केली तर पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. त्यामुळे एसएसएच वापरणे, ठरावीक पत्त्यांवरूनच जोडणी स्वीकारणे आणि प्रत्येकाला स्वतःचे खाते देणे या तीन गोष्टी किमान मानल्या जातात.

शेवटी, केलेली सेटिंग जपून ठेवली का? डेकसर्व्हरवर ‘सेट’ म्हटले की बदल लगेच लागू होई, पण पेटी बंद झाली की पुसला जाई. ‘डिफाइन’ म्हटले की बदल कायमचा नोंदला जाई. आजच्या राउटरवर चालू कॉन्फिगरेशन आणि साठवलेले कॉन्फिगरेशन हा भेद तोच आहे. वर्षभर नीट चाललेली पेटी वीज गेल्यानंतर जुन्याच सेटिंगने उठते ती यामुळे, आणि वीज जाते तेव्हाच तिची गरज सर्वाधिक असते.

हा रस्ता बंद असला की काय होते?

याचे सर्वात सविस्तर उदाहरण कॅनडातले आहे. ८ जुलै २०२२ रोजी पहाटे रॉजर्स कम्युनिकेशन्स या कंपनीने मुख्य जाळ्याच्या अद्ययावतीकरणादरम्यान राउटरमधला एक फिल्टर काढला. त्यामुळे मार्गांच्या माहितीचा लोंढा आला आणि मुख्य राउटर कोलमडले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. इंटरॅक या देशव्यापी डेबिट व्यवस्थेचे व्यवहार अडले आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर पोहोचणेही अनेकांना अशक्य झाले.

कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने झोना पार्टनर्स या सल्लागार कंपनीकडून चौकशी करून घेतली. तिच्या अहवालानुसार चूक नेमकी कुठे झाली हे शोधायलाच सुमारे १४ तास लागले. कारण राउटरची देखरेख करण्याचे जाळे त्याच मुख्य जाळ्यावर अवलंबून होते. मुख्य जाळे पडले तसे दुरुस्तीचे साधनही पडले. कर्मचाऱ्यांचे फोनही कंपनीच्याच सेवेवर होते, त्यामुळे एकमेकांशी बोलण्यासाठी दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डे पाठवावी लागली.

पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऑस्ट्रेलियात ऑप्टसची सेवा पहाटे चारच्या सुमारास बंद पडली. बाहेरून आलेल्या मार्गांच्या माहितीने ठरवलेली मर्यादा ओलांडली आणि सुमारे ९० राउटरनी स्वतःला जाळ्यापासून तोडून घेतले. काही उपकरणे पुन्हा जोडण्यासाठी माणसांना ठिकठिकाणी प्रत्यक्ष जावे लागले. नियामकाच्या तपासात २,१४५ जणांचे आपत्कालीन ‘०००’ क्रमांकावरचे कॉल लागले नसल्याचे निष्पन्न झाले. कंपनीला १ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक दंड भरावा लागला आणि त्याआधीच मुख्य कार्यकारी अधिकारी केली बेयर रोझमरिन यांनी राजीनामा दिला होता.

तिन्ही घटनांची मूळ कारणे वेगळी आहेत. पण तिन्हींत दुरून दुरुस्ती करण्याची वाट अपुरी पडली आणि अखेर माणसांना यंत्रांपर्यंत जावे लागले.

आणि रस्ता सर्वांनाच उघडा असला तर?

एप्रिल २०१३ मध्ये एच. डी. मूर या सुरक्षा संशोधकाने रॅपिड७ या कंपनीतर्फे एक पाहणी प्रसिद्ध केली. डिजी इंटरनॅशनल आणि लँट्रॉनिक्स या कंपन्यांची १,१४,००० हून अधिक सिरियल पोर्ट सर्व्हर उपकरणे थेट इंटरनेटवर दिसत होती. त्यातील ९५,००० हून अधिक मोबाइल जोडणीवर होती. सर्वात धोकादायक आकडा मात्र १३,००० चा होता. इतक्या पोर्टांवर पासवर्ड न देता समोरच्या यंत्राचा प्रशासकीय ताबा मिळत होता.

हे घडते कसे? दोन कारणे आहेत. एक, सिरियल पोर्टला जोडलेले यंत्र असे गृहीत धरते की केबल लावणारा माणूस खोलीत आहे, म्हणजे तो विश्वासाचा आहे. त्या पोर्टाला इंटरनेटवर आणले की खोलीला भिंतीच उरत नाहीत, पण यंत्राला ते कळत नाही. दोन, अभियंता काम संपवून खिडकी बंद करतो तेव्हा नेटवर्कची जोडणी तुटते, पण सिरियल तार तशीच जोडलेली राहते. समोरच्या यंत्राला वाटते माणूस अजून बसलेलाच आहे. पुढचा जो कोणी त्या पोर्टात शिरेल, त्याला आधीच्याचे उघडे लॉगइन आयते मिळते.

यावरचा उपायही पोर्टच्या सेटिंगमध्येच आहे. जोडणी तुटताच पेटीने ‘डीटीआर’ नावाची तार खाली आणावी आणि यंत्राने ती खूण समजून लॉगआउट करावे, अशी सोय असते. पण बऱ्याच केबलमध्ये पैसे किंवा जागा वाचवण्यासाठी तीनच तारा असतात आणि ही तार नसतेच. अशा वेळी ठरावीक मिनिटे काही टाइप झाले नाही तर यंत्रानेच लॉगआउट करणे हा मार्ग उरतो.

मूर यांनीच जानेवारी २०१५ मध्ये आणखी एक उदाहरण दाखवले. पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांतील इंधन मोजणारी सुमारे ५,८०० यंत्रे विनापासवर्ड इंटरनेटवर होती. त्यांतील बहुतांश अमेरिकेतली होती. कोणीही दुरून टाकीची पातळी पाहू शकत होता, इशाऱ्याची मर्यादा बदलू शकत होता.

युक्रेनमध्ये काय घडले?

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज काही तासांसाठी गेली. हल्लेखोरांनी नियंत्रण कक्षातल्या संगणकांवरून उपकेंद्रांचे ब्रेकर उघडले. पण ते तिथे थांबले नाहीत. उपकेंद्रांत सिरियल यंत्रे नेटवर्कला जोडणाऱ्या पेट्यांचे फर्मवेअर त्यांनी बिघडवून टाकले.

परिणाम असा की कर्मचाऱ्यांना संगणकाचा ताबा परत मिळाला, तरी दुरून ब्रेकर लावता येईना, कारण मधली पेटीच मेली होती. गाड्या काढून उपकेंद्रांवर जावे लागले आणि हाताने वीज सुरू करावी लागली. हल्लेखोर ज्या व्हीपीएनमधून आत आले, त्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. ज्या पेटीकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, तिची किंमत हल्लेखोरांना नीट कळली होती.

आता सरकारी यंत्रणा काय सांगतात?

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने तिथल्या केंद्रीय खात्यांना बंधनकारक निर्देश दिला. उपकरणांच्या व्यवस्थापनाचे दरवाजे इंटरनेटवर उघडे आढळले, तर १४ दिवसांत बंद करा किंवा त्यांच्यापुढे कडक पडताळणी उभी करा.

डिसेंबर २०२४ मध्ये, चीनशी संबंधित ‘सॉल्ट टायफून’ हल्लेखोर अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरल्याचे उघड झाल्यावर, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या यंत्रणांनी संयुक्त सूचना काढल्या. त्यात व्यवस्थापनाचे आउट-ऑफ-बँड जाळे ग्राहकांच्या जाळ्यापासून प्रत्यक्ष वेगळे ठेवावे आणि उपकरणांचे व्यवस्थापन केवळ तिथूनच व्हावे, असे म्हटले आहे. टेलनेट बंद करावे, हेही त्यात आहे. रॉजर्सच्या अहवालातला धडा आणि हल्लेखोरांविरुद्धचा सल्ला इथे एकाच ठिकाणी येतात.

भारतात नियम काय आहेत?

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवण्याचेही बंधन आहे. कन्सोल सर्व्हरच्या बाबतीत हा मुद्दा बारीक पण महत्त्वाचा आहे. कोणी, कधी, कोणत्या पोर्टात काय टाइप केले याची नोंद पेटी ठेवू शकते, पण तिचे घड्याळ चुकीचे असेल तर ती नोंद तपासात टिकत नाही.

वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रत्यक्ष यंत्रे चालवणाऱ्या प्रणाली इंटरनेटला जोडलेल्या संगणकांपासून पूर्ण अलग ठेवा, असे त्यात म्हटले आहे. दूरसंचार कंपन्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या सायबर सुरक्षा नियमांनुसार मुख्य दूरसंचार सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि घटनेची पहिली माहिती सहा तासांत द्यावी लागते.

सहा तासांत माहिती द्यायची तर सहा तासांत काय घडले ते कळायला हवे. रॉजर्सला त्यासाठी १४ तास लागले होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

मग तपासायचे काय?

बँकेची शाखा, सहकारी साखर कारखाना, महाविद्यालय किंवा गावातला केबल-इंटरनेट ऑपरेटर, जिथे जिथे दुरून हाताळायची उपकरणे आहेत तिथे काही साधे प्रश्न विचारता येतात. कन्सोल सर्व्हरची जोडणी मुख्य लाइनवरच आहे, की दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर किंवा सिमवर? लॉगइन तपासणारा केंद्रीय सर्व्हर बंद पडला तर पेटीत शिरायला स्थानिक खाते आहे का, आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच तर नाही ना? पेटी इंटरनेटवरून थेट दिसते का? पोर्ट क्रमांक चारला कोणते यंत्र आहे हे पेटीतच लिहून ठेवले आहे, की ते फक्त नोकरी सोडून गेलेल्या एखाद्यालाच माहीत होते? काम संपल्यावर लॉगइन आपोआप बंद होते का?

आणि सर्वात महत्त्वाचे, मुख्य लाइन मुद्दाम बंद करून या रस्त्याने आत जाता येते का, हे शेवटचे कधी पाहिले होते? हे करून पाहायला फार खर्च येत नाही, कामाची वेळ टळल्यावरचा एखादा तास पुरतो. आणीबाणीचा रस्ता बंद आहे हे त्या तासात कळले तर दुरुस्त करता येते. खऱ्या आणीबाणीत कळले तर गाडी काढून निघावे लागते.